खळ्यावरची हिरवळ

नकाशावर हिरवा रंग पातळ लावावा लागतो. बशीत पाणी जास्त, रंग कमी. ब्रश एका दमात डावीकडून उजवीकडे न्यायचा, मधे थांबायचं नाही. थांबलं की डाग पडतो. आमच्या ऑफिसात हिरवा रंग माझ्याइतका सपाट कुणालाच लावता येत नसे. ही बढाई नव्हे. त्या हाताने मी काय करून ठेवलं ते सांगायचं आहे, म्हणून हात चांगला होता हेही सांगावं लागतं.

कुलाबा जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शहरात मी सरकारी ऑफिसात नकाशे काढत होतो. माझं गाव मात्र समुद्राचं नव्हे. शहरापासून आत, पायी दोन-अडीच तासांवर, भातशेतीचं. वडिलांनी जन्मभर भात पिकवला. समुद्र आमच्या घरी यायचा तो एका बाईच्या पाटीतून.

ती शहराच्या कडेच्या कोळीवाड्यातली. दर वैशाखात डोक्यावर पाटी घेऊन आमच्या गावी यायची. पाटीत पावसाळ्याची बेगमी: जवळा, बोंबील, मांदेली, सगळं सुकवलेलं. तिची घरं ठरलेली होती. तिच्या सासूने जी घरं धरली होती तीच तिची. वैशाखात ती मासळी द्यायची आणि दिवाळीनंतर, झोडणी झाली की, भात घेऊन जायची. कुणी काही लिहून ठेवत नसे आणि कुणाची कुरबूरही नसे. आमच्या घरी ती ओटीवर न बसता थेट चुलीपाशी जाऊन बसायची. माझी आई आणि ती एकमेकींना ‘बाय’ म्हणायच्या आणि तास तास कुजबुजायच्या. दोघींत इतकं काय शिजायचं ते वडिलांना कधीच कळलं नाही.

जवळा म्हणजे नखाएवढी कोलंबी. उन्हात सुकवलेली. त्यात वाळू असायचीच, म्हणून बायका तो दोन-दोन, तीन-तीन पाण्यांतून धूत आणि तरी पुरुष जेवताना दाताखाली कचकचला की ताट ढकलत. आमच्याकडे या बाईचा जवळा कधी धुतला गेला नाही. आई तो सुपात पाखडायची आणि सरळ तव्यावर टाकायची. धुतलेल्या जवळ्याची अर्धी चव पाण्यात जाते, असं तिचं म्हणणं. आणि ती बाई उंबऱ्यात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायची, “माझ्या जवल्यात वालूचा येक कन दाव, पाटी हितंच उपडी करून जाईन!” पाटी कधी उपडी झाली नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी दहा वर्षांचा होतो, आणि त्याच वर्षी आई गेली. कोळीवाड्यात कुणी कळवलं कोण जाणे, पण दिवस घालायच्या आधी ती बाई पाटीशिवाय आली. मी तिला पाटीशिवाय पहिल्यांदाच पाहत होतो आणि क्षणभर ओळखलंच नाही. चुलीपाशी तिच्या नेहमीच्या जागी बसून ती रडली, मग तोंड पुसून वडिलांना म्हणाली, “तिला जबान दिलीय मी. पोराला जवला कमी पडू देनार न्हाय.” त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणू लागलो. तिने शब्द पाळला. पुढे मी शहरात शिकायला राहिलो तेव्हा जवळा खोलीवर यायचा, आणि नोकरी लागली तेव्हा ऑफिसच्या फाटकाशी.

तिचा जवळा वाळूशिवाय कसा, हे मी बाराएक वर्षांचा असताना पाहिलं. कोळीवाड्याच्या मागे, तळ्याला लागून, माडांच्या आणि उंडीच्या झाडांच्या मधे एक मोठं मोकळं मैदान होतं. जरा उंचावर, समुद्राचा वारा सरळ लागेल असं. ते कोळणींचं मासळी वाळवायचं खळं. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या की सगळ्या बायका मिळून खळ्यावर उतरत. पावसात माजलेलं गवत खरवडायचं, जमीन भिजवायची, चोपण्यांनी चोपायची, मग माती आणि शेण कालवून सारवायची. पुन्हा चोपायची, पुन्हा सारवायची. असं आठ-दहा दिवस चालायचं. शेवटी ती जमीन आमच्या घरातल्या ओटीपेक्षा गुळगुळीत व्हायची, अनवाणी चाललं तर पायाला गार लागायचं. प्रत्येकीचा पट्टा वेगळा. दोन पट्ट्यांच्या मधे शिंपल्यांची एक ओळ जमिनीत दाबलेली. सासूचा पट्टा सुनेकडे जायचा. मावशीचा पट्टा तळ्याच्या बाजूला, सगळ्यांत पहिला. त्यावर ती मला चप्पल घालून पाय ठेवू द्यायची नाही, आणि लग्नातल्या जावयालाही देणार नाही म्हणायची.

वैशाखाच्या अखेरीला मासळी सुकवणं संपायचं. बोंबील टांगायच्या काठ्या उतरवून घरांच्या वळचणीला जायच्या, आणि पावसाचे दोन महिने खळं आपलं गवत वाढवत पडून राहायचं. तेव्हा कुणी परका येऊन उभा राहिला असता तर त्याला वाटलं असतं, इथे कधी माणसाचा पायच लागलेला नाही.

नेमका तेव्हाच परका आला.

नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. शहर वाढत होतं. मास्तर, कारकून, डॉक्टर, मुंबईहून निवृत्त होऊन परत येणारे, सगळ्यांना घरं हवी होती, आणि शहराच्या कडेला, कोळीवाड्यामागच्या सरकारी जमिनीवर नवी वसाहत करायचं ठरलं. ती आखायला मुंबईहून एक साहेब आले. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला आणि तिथून एस.टी.ने. त्यांच्याबद्दल वाईट लिहायला मला एकही गोष्ट सापडत नाही, आणि तीच माझी पंचाईत आहे.

तोपर्यंत मी पाहिलेले साहेब आधी कागदावर रस्ते मारत आणि मग रस्त्यात येणारं झाड तोडा म्हणून हुकूम काढत. हे साहेब धोतर खोचून चिखलात उतरले. पाऊस असतानाच जमीन बघायची, म्हणाले, पाणी कुठून येतं नि कुठे जातं ते त्याशिवाय कळत नाही. एकही झाड तोडायचं नाही. रस्ता झाडाला वळसा घालून जाईल. घरं बैठी, कौलारू, आणि सगळ्यांची तोंडं मधल्या मोकळ्या जागेकडे आणि तळ्याकडे. पागोळ्यांचं पाणी चर काढून तळ्यात. मी प्रत्येक झाडाला गेरूने नंबर घालत त्यांच्या मागे फिरायचो आणि मला वाटायचं, आयुष्यात पहिल्यांदा मी खरं काम करतोय. त्यांच्यामुळे मला माझ्याच मुलखातली झाडं दिसायला लागली. आजही उंडीच्या झाडाखालून जाताना मी मान वर करतो ती त्यांच्यामुळे.

साहेब शाकाहारी. रेवसच्या धक्क्यावर उतरले की वास सहन होत नसे, तर नाकाला रुमाल लावायचे, पण कोळणींना वाईट वाटू नये म्हणून शिंक आल्याचं नाटक करायचे. ऑफिसातही मासळी खाणारे आम्ही दोघंच, मी आणि शिपाई. शिपाई बेधडक टेबलावर डबा उघडायचा आणि बोलणी खायचा. मी डबा घेऊन मागच्या झाडाखाली जायचो, आणि खाऊन झालं की साबणाने हात दोनदा धुवायचो. जवळा मावशीचा, आणि हात मी धूत होतो. तेव्हा यात मला काही वावगं वाटलं नाही. मी हंगामी होतो, कायम व्हायचं होतं, आणि माझ्यावर कुणाचीही नजर वाकडी पडू नये एवढीच माझी धडपड होती.

आषाढ संपत आला होता. दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून मी साखळी, निशाणाच्या काठ्या आणि तिपाईवरचा फळा घेऊन मोजणीला गेलो. फळ्यावर कागद ताणून जागेवरच नकाशा काढायचा, अशी तेव्हाची रीत. खळ्याच्या मधोमध उभा होतो आणि पावसाची एक सर आली. कागद भिजला तर दोन दिवसांचं काम पाण्यात. मी अंगातला शर्ट काढून त्यावर धरणार, तेवढ्यात माझ्यावर सावली पडली. मावशी होती. डोक्यावरचं इरलं काढून तिने माझ्या फळ्यावर धरलं होतं आणि स्वतः भिजत उभी होती.

“काय रं बाला, आमचं खलं मोजतंस व्हय?”

“हो मावशी. सगळंच मोजतोय. नवी घरं व्हायचीत.”

“व्हऊं देत. पन आमचं खलंबी लिव्ह. ऱ्हाऊ नगो देऊस. कागदावर न्हाय लिव्हलं, तर उद्या कोनबी उठंल आन् माझं हाय म्हनंल.”

तिला अक्षर येत नव्हतं, पण कागदाची किंमत तिला माझ्यापेक्षा चांगली कळत होती. मी पेन्सिलीला टोक केलं आणि तिच्यासमोर, त्या मोकळ्या चौकोनात, छान वळणदार अक्षरांत लिहिलं: मासळी वाळवण्याचे खळे. कोळीवाड्याची वहिवाट. तिला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग आपलं ओलं बोट त्या अक्षरांवर टेकवून हसली, “हितं? ह्या येवढ्याशात समद्या बायांची खली मावली?” बोटाचा ओला ठसा कागदावर उमटला. दुसरं कुणी असतं तर मी खेकसलो असतो. मावशी होती म्हणून नुसतं फडक्याने टिपलं. कागदाची लव मात्र उठली. ती जाताना बजावून गेली, “पुसू नगो हां.”

कागद ऑफिसात आला. साहेबांनी तो टेबलावर पसरला, तळ्याची कड बोटाने गिरवली आणि चष्मा काढून ठेवला. मग खिडकीशी गेले. खिडकीतून दूरवर तो हिरवा तुकडा दिसत होता, तळं काठोकाठ भरलेलं, माड डोलतायत. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू त्यांना हवी ती गोष्ट कुणीतरी आधीच करून ठेवली आहे. म्हणाले, “या वसाहतीचा जीव म्हणजे ही हिरवळ. घरं हिच्या भोवती. हिच्यावर वीटसुद्धा ठेवायची नाही.” मग कागदाकडे वळले. त्यांचा चष्मा टेबलावर होता आणि पेन्सिल फिकट. “हे काय लिहिलंय? पाऊस संपल्यावर इथे काय असतं?”

सरळ प्रश्न होता. सरळ उत्तर होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांपुढे आला तो रेवसच्या धक्क्यावरचा रुमाल. मासळीचं नाव काढलं की यांच्या चेहऱ्यावरचा हा आनंद जाईल, असं वाटलं. हे मासळीवाल्यांचं मला इतकं कसं ठाऊक, असं विचारतील, असंही वाटलं. आदल्याच दिवशी ते वरच्या साहेबांना म्हणाले होते, या मुलाला कायम करा.

“काही नसतं, साहेब,” मी म्हणालो. “गवत असतं, ते वाळतं.”

“मग पाणी घालता येईल,” साहेब म्हणाले, आणि खूश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली.

मोजणी पावसात झाली म्हणून चूक झाली, असं पुढे बरेच जण म्हणाले. दुसरा कुणी असता तर फसला असता हे खरं. मी फसलो नव्हतो. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी रबराने अक्षरं पुसली. मग बशीत पाणी घेतलं, त्यात हिरवा रंग कालवला आणि एका दमात, डावीकडून उजवीकडे, मधे न थांबता लावला. फार सुंदर जमला. फक्त जिथे लव उठली होती तिथे कागदाने रंग जास्त प्यायला आणि बोटाएवढा गडद डाग पडला. तो काही केल्या निघेना. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, असू दे, पक्क्या नकाशात तिथे एक झाड दाखवू.

त्या वर्षी काहीच झालं नाही. नारळी पौर्णिमेनंतर बायकांनी खळं सारवलं, मावशीने वैशाखात जवळा आणून दिला, आणि मी मनाशी म्हणू लागलो की सरकारी कामं अशीच, कागद मुंबईला जातो आणि मरतो. मी कायम झालो. माझं लग्न झालं. साहेबांची बदली लांब कुठे नागपूरकडे झाली. दुसऱ्या वर्षी पौर्णिमेच्या आठवड्यात बायका चोपण्या आणि शेणाच्या पाट्या घेऊन गेल्या तर खळ्याभोवती खांब आणि तार. आत ठेकेदाराची माणसं.

बायका ऑफिसवर आल्या. पाच-पंचवीस असतील. पायऱ्यांवर उभ्या राहिल्या, सगळ्या एकदम बोलू लागल्या. पुढे मावशी. आमचे अंमलदार बाहेर आले, त्यांना आत बोलावलं आणि शांतपणे विचारलं, “बाई, जमीन सरकारी आहे. तुमच्याकडे काही कागद?”

“कागद तुमच्याकडंच हाय,” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात जराही भीती नव्हती. मागे वळून तिने बायकांकडे पाहिलं, गप ऱ्हावा अशा अर्थी. “आमच्याच पोरानं मोजून लिव्हून आनलाय. माझ्या देखत. मी वर इरलं धरलं व्हतं. काढा त्यो कागद.”

अंमलदारांनी मला कागद काढायला सांगितला. कपाटातून तो काढला, पण गुंडाळीची दोरी सुटता सुटेना. टेबलावर पसरला. मावशी वाकली. अक्षर न येणाऱ्या त्या बाईने आधी तळं शोधलं, मग उंडी, मग माडांची ओळ, आणि तिचं बोट बरोबर त्या गडद डागावर येऊन थांबलं. अगदी बेतून केल्यासारखं बसलं ते.

“हितं,” ती म्हणाली. “हितं लिव्हलंय. वाचा.”

अंमलदारांनी चष्मा सारखा केला. हिरव्या रंगाशिवाय तिथे काहीच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काय हो, मोजणी तुमचीच ना? असं काही लिहिलं होतं?”

त्या क्षणी मी ‘हो’ म्हणालो असतो तर काय झालं असतं? फार तर नोकरी गेली असती. कदाचित तीही नाही. घरी दोन बिघे भातशेती होती, उपाशी मेलो नसतो. हे सगळं मी नंतर हजारदा स्वतःला सांगितलं आहे. त्या क्षणी मी म्हणालो, “माझ्या ध्यानात नाही, साहेब.”

मावशीने बोट उचललं नाही. नुसती मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला किती वेळ लागला असेल कळायला? आई गेल्यावर चुलीपाशी रडून तिने जसं तोंड पुसलं होतं, तसंच तिने पदराने तोंड पुसलं. मग अंमलदारांकडे वळून म्हणाली, “चुकलं साहेब. यो न्हाय त्यो. दुसरा कोन मानूस व्हता. मी म्हातारी, मना वलखू आला न्हाय.”

मागच्या बायकांत गलका झाला. एक तर ओरडली, अगं हाच तर व्हता. मावशीने तिला हाताने गप्प केलं. “न्हाय म्हन्ते ना. दुसरा व्हता.” आणि ती बायकांना घेऊन पायऱ्या उतरून गेली. एकदाही मागे न बघता.

वसाहत झाली. चांगली झाली, खोटं कशाला बोलू? एकही झाड तुटलं नाही. रस्ते झाडांना वळसे घालून गेले, तळ्यात पाणी राहिलं, आणि मधोमध हिरवळ. माळी तिथे वाफे करायला खणायचा तेव्हा ओळीच्या ओळी शिंपल्या निघायच्या. तो पाटी भरभरून कुंपणाबाहेर फेकायचा आणि वैतागायचा. पावसाळ्यानंतर हिरवळीला रोज पाणी घालावं लागे, कारण चोपून चोपून दगड केलेली जमीन ती, तिला गवताची सवय नव्हती. मलाही एक घर मिळालं, तळ्याच्या बाजूचं. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो नाही.

कोळणी समुद्राच्या वाळूवर गेल्या. दुसरी जागाच नव्हती, एकीकडे खाजणाचा चिखल आणि एकीकडे वाळू. बोंबलांचं निभलं, ते काठ्यांवर टांगता येतात. जवळा जमिनीवर पसरावा लागतो. खाली जाळी घालून बघितली, गोणपाट घालून बघितलं, पण वारा आला की वाळू उडायचीच. ठरलेल्या घरांतून बायका नाकं मुरडू लागल्या. कोळणींनी आतल्या गावांना जाणं हळूहळू सोडलं. जवळा व्यापाऱ्याला घालू लागल्या आणि तो माडांच्या बुंध्याला खत म्हणून जाऊ लागला. मावशी माझ्या वडिलांकडे शेवटची गेली तेव्हा पाटी उंबऱ्याबाहेर ठेवून म्हणाली, यंदा घेऊ नगा. वडिलांनी घेतला. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी दुसराच विषय काढला.

चार-पाच वर्षांनी साहेब आले. निवृत्तीला टेकले होते, मुद्दाम वसाहत बघायला आले. माझ्या घरी चहा घेतला. हिरवळीवरून फिरताना ते झाडांना नंबरांवरून ओळखत होते, मुलांची नावं घ्यावीत तसे. फिरत फिरत आम्ही सुरूच्या बनापर्यंत गेलो. पलीकडे वाळूवर बायका जवळा पसरत होत्या आणि वारा सुटला होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

“या वाळूत का वाळवतात? सगळं खराब होत असेल.”

आता लपवण्यात काय राहिलं होतं? मी सांगितलं. हिरवळ म्हणजे त्यांचं खळं होतं, म्हणालो. दरवर्षी सारवायच्या. मी लिहिलं होतं आणि पुसलं, हेही सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रुमाल खाली घेतला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

“मला सांगायचंत की हो,” ते म्हणाले. “मोकळीच जागा ठेवायची होती ना मला? खळं ठेवलं असतं. मधे खळं आणि भोवती घरं. माझं नाक काय, चार दिवसांत सवय झाली असती.” मग वाळूकडे बघत, “किती सुंदर झालं असतं ते.”

मी त्यांना एस.टी.वर पोचवलं. पुन्हा ते आले नाहीत.

तोवर मला निदान एवढा आधार होता की साहेबांनी ऐकलंच नसतं. तोही गेला. मावशीचा पट्टा साहेबांनी घेतला नव्हता आणि सरकारनेही नव्हता. तो मी घेतला होता, एका वाक्यात, आणि तेही कुणी मागितलेलं नसताना.

त्याच वैशाखात मावशी आली. मागच्या दाराने. खूप वाळली होती. डोक्यावर पाटी नव्हती, पदराखाली एक पुरचुंडी होती. माझ्या बायकोने तिला आत बोलावलं, पण ती पायरीवरच बसली. तिथून हिरवळ दिसत होती. आमची धाकटी तिथे अनवाणी धावत होती, मावशी तिच्याकडे बघत होती. मी बाहेर येऊन तिच्या शेजारी, खालच्या पायरीवर बसलो. कितीतरी दिवस पाठ केलेलं होतं. “मावशी,” मी म्हणालो, “त्या दिवशी ऑफिसात मी...”

तिने पुरचुंडी माझ्या मांडीवर ठेवली. “तुझ्या आयेला जबान दिली व्हती, म्हनून आनला. आता दुसऱ्या कोनाकडं न्येत न्हाय.” उठायला तिला माझ्या खांद्याचा आधार लागला. उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता हलक्या आवाजात म्हणाली, जशी काही आळीतल्या कुणाला ऐकू जाऊ नये, “वालू हाय रं बाला. दोनदा धू.”

ती कुंपणाच्या कडेकडेने गेली. हिरवळीवरून सरळ वाट होती, पण तिने तिथे पाय ठेवला नाही.

पुढच्या वैशाखात कुणी आलं नाही. मी कोळीवाड्यात चौकशी केली तेव्हा कळलं, पावसातच गेली. मला कुणी कळवलं नव्हतं. मी तरी कोण होतो कळवायला?

आता जवळा बाजारातून येतो. कुठून तरी लांबून, सिमेंटच्या ओट्यावर वाळवलेला. स्वच्छ असतो. तो मी स्वतः धुतो, कुणाला हात लावू देत नाही. पहिलं पाणी ओततो, तळाशी बघतो. काही नसतं. मग दुसऱ्यांदा धुतो.